उल्कावीर उठला आणि दौंडात गुलाल उडाला

माणसानं चुकावं, पण किती? आणि कुठं? मी चुकलो ते थेट दौंडच्या मतमोजणीत, पोलीस बंदोबस्तात, निम्म्या गावासमोर! चहा ओतून घ्या आधी. मध्ये थांबवू नका.

आमची सुमनमामी सरपंचपदाला उभी होती. भांडगावच्या पुढं आत वळलं की आमचं गाव. शाळेच्या गळक्या छतासाठी मामी तीन वर्षं ग्रामसभेत भांडली. कुणी दाद देईना, तेव्हा म्हणाली, "आता मीच त्या खुर्चीत बसते!" आणि समोर कोण? ज्ञानदेव आप्पा! दोन वेळचे सरपंच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि आवाज असा की माईकची गरज नाही.

मतमोजणीला मामीचा प्रतिनिधी म्हणून मी. का, तर मामी म्हणाली, "संत्या कंपनीत क्वालिटीला हाय. चूक लगीच धरतंय त्ये."

बघा, काय ही माणसाची पारख!

आता दुसरी गोष्ट. हसू नका. मी छत्तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, आणि मी सुपरहिरोचे कॉमिक्स वाचतो. उल्कावीर! अकरा वर्षं झाली, एक अंक चुकवला नाही. आधीच्या अंकात त्या नीच तमासुरानं उल्कावीराच्या अंगावर अख्खा डोंगर पाडला. धोंड्यांखालून फक्त एक हात बाहेर, आणि खाली छापलंय, 'पुढील अंकी अखेर'. पुढे आठ महिने अंकच नाही! आठ महिने मी कंपनीत पार्ट तपासत होतो आणि डोळ्यांसमोर तो हात!

शेवटचा अंक हाती आला तो नेमका निवडणुकीच्या गडबडीत. घरात कार्यकर्त्यांची ही गर्दी! वाचणार कुठं? मोजणीच्या हॉलमध्ये मोबाईल चालत नाही, कागद चालतात. अंक मतदारयादीच्या फायलीत सरकवला आणि गेलो आत.

जाताना मामीच्या दिरानं, नानानं, बजावलं होतं, "आमी खाली बॅरिकेडपाशी हाय. मामी आली की खिडकीतनं नुसता हात वर कर. बाकीचं आमी बगतो." बाकीचं म्हणजे काय, ते त्याच्या खांद्यावरच्या गुलालाच्या पोत्यावरून कळत होतं.

आत दुसऱ्याच गावांची मोजणी चाललेली. आमचा नंबर येईना. म्हटलं, दोनच पानं वाचू. उजेडासाठी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. इथंच घात झाला!

उल्कावीराची शक्ती संपलेली. तमासुर हसतोय. आणि ज्या लोकांना उल्कावीरानं आजवर वाचवलं, ते म्हातारेकोतारे, बायाबापड्या नुसत्या हातांनी धोंडे उपसतायत. पान उलटलं. अख्खं पानभर एकच चित्र. धोंडे फुटलेत, मूठ आभाळात, उल्कावीर उभा!

आठ महिन्यांनंतर तुम्ही गप्प बसला असता? माझा हात आपोआप वर गेला.

"उठला! आरं उठला! जिंकलोऽऽ!"

खालून नानाची आरोळी, "आली रं आलीऽऽ!"

झालं! आभाळ लाल. हलगी कडाडली. मामी लोकांच्या खांद्यावर! मी खिडकीतून दोन्ही हात हलवत ओरडतोय, "न्हाई! न्हाई!" त्यांना वाटलं मी नाचतोय. मग तेही दोन्ही हात वर करून नाचायला लागले.

मागून मोजणीच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "ओ प्रतिनिधी! काय चाललंय?"

"सर, ते... उठला."

"कोण उठला?"

"उल्कावीर."

साहेबांनी यादीवर बोट फिरवलं. "कुठल्या वॉर्डातला?"

खरं सांगावं लागलं. अंक जप्त!

पण खालचं दृश्य त्याहून भयंकर. गर्दीतून वाट काढत आप्पा आले. स्वतःसाठी आणलेला हार त्यांनी मामीच्या गळ्यात घातला. "वैनी, अभिनंदन. छताचं तेवढं बगा. आमच्याच्यानं ऱ्हायलं." मामीच्या डोळ्यांत पाणी. पन्नास मोबाईल वर, सगळे शूटिंग करतायत. आणि आमच्या मशीनचं सील अजून तुटलेलं नाही!

मामी पडली तर? मी ठरवून टाकलं, दौंड जंक्शनवरून सुटेल ती गाडी धरायची. जाईल तिकडं जाईल.

आमच्या गावाचा पुकारा झाला. पहिला वॉर्ड, आप्पा बावन्न मतांनी पुढे. माझा शर्ट पाठीला चिकटला. दुसऱ्या वॉर्डात मामीनं भरून काढलं, तरी अकरा कमीच. तिसरा वॉर्ड. शेवटचं मशीन. साहेबांनी बटण दाबलं, आकडे लिहिले, बेरीज केली, परत केली.

"सुमनबाई विजयी. एका मतानं."

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच मत! या खेपेला खिडकीकडं फिरकलोच नाही.

आप्पांचा प्रतिनिधी मात्र धावत सुटला. मीही त्याच्या मागे. तो ओरडला, "आप्पा, आत्ता झालाय निकाल! एकाच मताचा फरक! फेरमोजणी मागू!"

आप्पांनी गुलालानं माखलेल्या मामीकडं पाहिलं. तिच्या गळ्यात त्यांचाच हार. मग म्हणाले, "समद्या मोबाईलात मी हार घालताना दिसतोय. आता कंच्या तोंडानं माघारी मागू? आन् छत झालं तर माझाच नातू कोरडा बसंल की. राहू द्या."

जिंकलो हो! खरंखुरं जिंकलो! मला कुणी शिवी घातली नाही, उलट खांद्यावर घेतलं. "संत्याला आधीच ठावं व्हतं!" साहेबही बाहेर आले, अंक परत दिला आणि हळूच म्हणाले, "याच्या आधीचा असला तर द्या ना."

मग मामी जीपच्या बॉनेटवर चढली, मलाही वर ओढलं. "एका मतानं आले मी! आन् ते एक मत कुणाचं? ह्या माझ्या भाच्याचं!" असं म्हणून तिनं माझा डावा हात धरून उंच केला.

सगळं गाव माझ्या बोटाकडं बघतंय. बोट कसं? स्वच्छ! शाईचा ठिपका नाही!

काय करू हो? मतदानाच्या दिवशी सगळं गाव शाळेपुढं रांगेत होतं आणि मी पुण्यात, कॉमिक्सच्या दुकानापुढं रांगेत. परत येईपर्यंत मतदान आटोपलं होतं.

मामीनं हात हळूच खाली घेतला. बोट पदरानं पुसून बघितलं. कानाशी येऊन विचारलं, "म्हंजी मी तुझ्या मताबिगर निवडून आले व्हय रं?"

"व्हय, मामी."

"तरीच आले!"