लातुरातली सर्दी

मुलगी बारावीला होती आणि क्लाससाठी लातूरला राहायची. मी कंधारला शिक्षक. एका शिंपी कुटुंबाने माडीवर मुलींसाठी खोल्या काढल्या होत्या, त्यातल्या एकीत ती होती. घरमालकिणीला सगळ्या पोरी खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. एका सकाळी खालांचाच फोन आला.

“सर, लवकर या. पोरगी नुसती उलट्या करून राहिली. डोळे पिवळे दिसायलेत. मी दवाखान्यात घेऊन चालले.”

तिला सर्दी-ताप आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. बायकोला घेऊन मी लातूरची बस पकडली. चाकूरला गाडी थांबली, ड्रायव्हरने चहा घेतला, तेव्हा बायको खिडकीतून ओरडली, “माझी लेक मरायलीय, आन् तुम्ही चहा पिऊन राहिलात?” त्याने चहा तसाच ओतून दिला आणि गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर गोळ्यांची पाकिटं मांडली होती. खालांनी खोलीतली सगळी औषधं पिशवीत भरून आणली होती.

“सर, ही गोळी मेडिकलमधून आणलेली सर्दीची. ही मैत्रिणीने दिलेली तापाची. आणि हे सिरप. नावं वेगळी, पण तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. उतार पडेना म्हणून ती तिन्ही घेत राहिली. लिव्हरला इजा झालीय.”

“सर्दीच्या गोळीनं?” मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो.

“त्यावरचा उतारा सलाइनमधून सुरू केलाय. रक्ताचे रिपोर्ट सुधारले नाहीत तर हैदराबादला हलवावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी तिला कुणाचीच ओळख पटेना. आईलाच ती म्हणाली, “मॅडम, पेपरला किती वेळ उरलाय?” बायको पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. लातूरच्या भूकंपानंतर मी गावोगाव ढिगारे उपसायला गेलो होतो. तेव्हा निदान हातांना काम होतं. इथे पलंगाची दांडी धरून उभं राहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. खाला भिंतीशी बसून दुआ मागत होत्या. मी कुणाकडे काय मागावं, तेही सुचत नव्हतं.

मग रिपोर्ट हळूहळू सुधारू लागले. एका दुपारी तिने वरण-भात मागितला, तेव्हा मी लगेच खाणावळ शोधायला निघालो.

सुट्टी देताना डॉक्टर तिला म्हणाले, “सर्दी बहुतेक वेळा आपोआप बरी होते. औषध घ्यायचंच तर एका वेळी एकच, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. दुसरं काही घेण्याआधी दोन्हींत काय आहे ते वाच, नाहीतर मेडिकलवाल्याला आधीचं पाकीट दाखव.”

बोर्डाची परीक्षा तोवर उरकली होती; आता पुन्हा क्लास लावून पुढच्या वर्षी बसावं लागणार होतं. घरी आल्यावर तिने विचारलं, “बाबा, मला परत लातूरला पाठवणार?”

मी म्हणालो, “तू म्हणशील तसं.”

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, “न्हाई.”