चेनचा झोल

मीटरवाले आजोबा आयुष्यभर घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडले, तेही एकाच मोपेडवर. नोकरी संपली तशी मोपेड सुनेकडे गेली; ती त्यावरून शिवलेले कपडे पोचवायची. चेन मात्र आजोबांनी हातची सोडली नाही. दर रविवारी गाडी स्टँडवर घ्यायची, चेन घासूनपुसून तेल द्यायचं, नट सैल करून मागचं चाक सरकवायचं आणि चेनला दोन बोटांचा झोल ठेवून नट आवळायचा. 'माझ्या दुखण्याकडे कधी इतकं लक्ष दिलं नाहीत,' असं बायको हयात असताना ऐकवायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

हल्ली मात्र काहीतरी बिनसलं होतं. रविवारी बघावं तर चेन ताठ! चेन चालून चालून ढिली होते, आपोआप ताठ कधीच होत नाही. म्हणजे आपणच ताठ ठेवली? आजोबा हबकले. त्यांच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा सापडेना, मग घर सापडेना. आजोबांनी कुणापुढे ब्र काढला नाही. नुसते पुन्हा पुन्हा मापत राहिले आणि आतल्या आत खचत गेले.

शेवटी एका रविवारी त्यांनी पाना सुनेपुढे ठेवला.

"यापुढे गाडी गॅरेजवाल्याकडे दे. माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही बहुतेक."

सून शिलाई मशीनवरून उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डोकं जागेवर आहे, बाबा. चेन मीच ताणते, तुम्ही दुपारी आडवे झालात की."

"तू? का?"

"नट नुसत्या हातानं फिरत होता. तुमचा जोर पुरत नाही आता. सांगायला जीभ रेटेना. आवळायला बसले की चेन लोंबतेय असं वाटायचं, म्हणून मी तीही ताणायचे."

आजोबा भडकलेच. "अगं, स्टँडवर लोंबायलाच हवी ती! तू बसलीस की आपसूक ताणली जाते. भर रस्त्यात तुटली असती म्हणजे?" मग त्यांचा आवाज चिरकला. "आणि मी इथे स्वतःला वेडा समजून बसलो होतो!"

त्यांना रडू कोसळलं. सून त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली.

बऱ्याच वेळानं आजोबांनी डोळे पुसले. नट सैल करून चाक पुढे घेतलं, बोटांनी झोल मापला आणि पाना तिच्या हातात दिला.

"आवळ," ते म्हणाले. "पण माझ्यादेखत."