मामाच्या खुर्चीत मावशी

कान्ये गावच्या हमरस्त्यावर दितिरोचं टायरचं दुकान आहे. नवखा ड्रायव्हर उतरला की हमखास विचारतो, "मिस्त्री कुठं गेला?" दितिरो पाना हातात घेऊनच म्हणते, "मिस्त्री समोर उभी आहे. जॅक काढा."

तिच्या घरात भाऊ नाही. दोघीच बहिणी, दितिरो थोरली आणि बोइकान्यो धाकटी. बोइकान्योला मुलगी झाली, सेवेलो, आणि घरात प्रश्न उभा राहिला: हिचा मामा कोण? आमच्याकडे मामावाचून मुलीचं काही पुढं सरकत नाही. आजारपण असो, भांडण असो, सोयरीक असो, पहिला शब्द मामाचा. आणि घरात बोकड कापला की मुंडी मामाची.

"मी आहे की," दितिरो म्हणाली.

"तू मावशी आहेस," गालेबोए म्हणाला. गालेबोए म्हणजे त्यांच्या चुलत्याचा मुलगा. राजधानीत नोकरी, पांढरी गाडी, आणि स्वतःचं मत सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज. "भाऊ नसला की चुलतभाऊ. यात विचारायचं काय?"

वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला. सेवेलोला दोन वर्षं पूर्ण होतील त्या रविवारी बोकड कापायचा. दोघांनीही भेट आणायची. मुंडी कुणाच्या पुढ्यात ठेवायची ते पोरीच्या आईनं ठरवायचं.

आता सेवेलोबद्दल सांगायला हवं. ही पोरगी चालायला शिकलीच नाही, थेट पळायला लागली. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरायची, पाण्याचा ड्रम ढकलायची, गाढवाच्या गाडीचं चाक धरून लोंबकळायची. जेवताना ती बसावी म्हणून बोइकान्यो हल्ली तिच्या हातात मोबाईल द्यायची. तेवढा वेळ पोरगी गप्प, तोंड उघडं, समोर ज्वारीची पेज गार.

दितिरो आधी खेळण्यांच्या दुकानात गेली. विकणाऱ्या बाईनं बाहुली दाखवली, मग बटण दाबलं की गाणारी पेटी.

"ही घ्या ताई. पोर तासभर हलत नाही."

"हलत नाही? मग डॉक्टरकडे नेईन ना. खेळणं कशाला घेऊ?"

मामानं द्यायचं ते ब्लँकेट तिनं घेतलं, कारण ते द्यायचंच असतं. खरी भेट मात्र तिनं स्वतः करायला घेतली: ढकलगाडी. लोखंडी सांगाडा, लाकडी खोकं, पोरीच्या छातीला लागेल एवढ्या उंचीचा दांडा. चाकांना तिनं नवी बेअरिंगं बसवली. गाडी अशी पळायची की नुसतं बोट लावलं तरी दुकानाच्या दारापर्यंत जायची. दितिरो स्वतःवर बेहद्द खूश झाली.

आणि तिथंच चुकली. रविवारच्या आधीच ती गाडी बहिणीच्या अंगणात घेऊन गेली. सेवेलोनं दांडा धरून जोर लावला, गाडी पुढं सटकली, आणि पोरगी तोंडावर आपटली. ओठ फुटला. बोइकान्यो धावत आली.

"अक्का, हा ट्रक आहे का गं? दोन वर्षांचं पोर आहे ते! घेऊन जा ही गाडी. नको मला चाकं."

गाडी उचलून दितिरो आपल्या दुकानात गेली. तिला कळलं होतं की आपण गाडी आपल्यासाठी केली होती. एवढ्याशा पोराला वेग लागत नाही. त्याला अडवणारं, जड, ढकलल्यावर सावकाश सरकणारं काहीतरी लागतं. तिनं बेअरिंगं काढली, आसावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या आणि खोक्याच्या तळाशी वाळूची पिशवी पक्की बसवली. मग स्वतः गुडघ्यांवर बसून, सगळा भार दांड्यावर टाकून पाहिला. गाडी पळाली नाही आणि उलटलीही नाही.

रविवारी अंगणात बायका चटयांवर बसल्या होत्या, पुरुष खुर्च्यांवर. दितिरोनं ढकलगाडी अंगणात लावली, मग स्वतःची बुटकी खुर्ची घेऊन आली आणि पुरुषांच्या रांगेत ठेवून बसली.

"चटई संपली का?" गालेबोएनं विचारलं.

"नाही. पण मामा खुर्चीत बसतो ना दादा?"

चटईवरून आजी खुदकन हसली.

गालेबोएची भेट मोठी होती. जोडून गोल उभं करायचं रंगीत प्लॅस्टिकचं कुंपण, आणि आत ठेवायला नवा कोरा टॅब. त्यानं सेवेलोला उचलून आत ठेवलं. "बघा. पोरगी सुरक्षित, आई मोकळी. आणि दुसरीकडं बघा, ओठावर अजून खपली आहे. मामा रक्त काढत नसतो."

सगळे दितिरोकडे बघायला लागले.

"काढलं," दितिरो म्हणाली. "मीच काढलं. चूक कुठं झाली ते शोधलं आणि दुरुस्त केली. पोरगी पळते म्हणून तिला कोंडायचं, हे मला जमणार नाही. उद्या ती मोठी होईल, तेव्हाही तिच्याभोवती कुंपणच घालशील ना तू? मामा म्हणून?"

"तोंड सांभाळ, दितिरो."

"तोंड माझं आहे. खुर्चीही माझीच आहे, माझ्या दुकानातल्या ट्यूबच्या पट्ट्यांनी विणलेली. मी उठणार नाही."

एवढ्यात बायका हसायला लागल्या. सेवेलोनं टॅब पायाखाली घेतला होता, दोन्ही हात कुंपणाला लावले होते आणि आतूनच ती अख्खं कुंपण ढकलत निघाली होती. कुंपण फरफटत थेट ढकलगाडीपाशी आलं आणि अडलं. पोरीनं रागानं किंकाळी फोडली.

बोइकान्यो उठली. तिनं पोरीला बाहेर काढलं, पण लगेच सोडलं नाही. आधी स्वतः गाडीचा दांडा धरला, दाबला, झटका देऊन पाहिला, पुन्हा दाबला. मग बहिणीकडे बघून म्हणाली, "जड केलीस."

"हो."

बोइकान्योनं हात सोडला. सेवेलो दांड्याला भिडली. गाडी कुरकुरत हलली, पोरगी मागं, कपाळावर आठ्या, जिभेचं टोक बाहेर. अंगणाच्या टोकाला जाऊन तिनं खोक्यात एक दगड टाकला आणि परत निघाली.

बोइकान्यो चुलीकडे गेली, झाकलेलं घमेलं उचलून आणलं आणि दितिरोच्या पुढ्यात ठेवलं.

"हे चालायचं नाही," गालेबोए उभा राहिला. "मी मोठ्या काकांना सांगणार."

"सांग. माझा पत्ता माहीत आहे त्यांना, टायर माझ्याकडेच बदलतात," दितिरो म्हणाली. तिनं घमेलं मांडीवर ओढलं आणि झाकण काढलं. मग हळूच बहिणीकडे झुकली. "बोइकान्यो, हे डोळेपण खावे लागतात का गं?"

"मामा खातो."

दितिरोनं सुरी मागितली. तिकडं सेवेलोची गाडी पांढऱ्या मोटारीच्या बंपरला ठण्णकन लागली. पोरीनं मागं वळून पाहिलं, कुणी ओरडत नाही हे बघितलं, आणि पुन्हा जोर लावला.