कागदावर नसलेली पटकी

"मरीजांची नावं?" तहसीलदारसाहेबांनी मला विचारलं.

"नावं नाही सांगता येत, हुजूर. आकडा सांगता येतो. पुढच्या बाजारापर्यंत चोवीस. त्याच्या पुढच्या बाजारापर्यंत अठ्ठेचाळीस."

"जे अजून आजारी पडलेच नाहीत, ते?"

"जी."

साहेबांनी पेशकारांकडं, म्हणजे त्यांच्या मुख्य कारकुनाकडं पाहिलं. पेशकार शांतपणे म्हणाले, "नावानिशी यादी द्या. मग दवा मागवू."

निजामाच्या राजवटीतली, चाळीसच्या दशकातली ही गोष्ट. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याला मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. लस टोचणं, विहिरीत औषध टाकणं आणि रिपोर्ट लिहिणं ही माझी कामं. वरिष्ठ वाचायचे ते फक्त तिसरं.

तालुक्यात पटकी आली होती. आता तिला सगळे कॉलरा म्हणतात. कागदावर मात्र ती नव्हती. गावात पटकी निघाली की पोलीस-पाटलानं कळवायचं, असा नियम होता. कळवलं की बाजार बंद, जत्रा बंद, आणि इतके दिवस काय करत होता म्हणून पाटलालाच बोलावणं. त्यामुळं दर आठवड्याला प्रत्येक गावाहून एकच ओळ यायची: सब खैरियत. एका पाटलानं तर पुढच्या दोन महिन्यांची खैरियत आधीच लिहून पाठवली होती.

मला खरी बातमी मिळाली तानूबाई कासारणीकडून. ती गावोगाव फिरून बांगड्या भरायची. तिच्यापुढं हात धरून बसलेली बाई घरातलं सगळं बोलते. मी तिला म्हणालो, "मावशी, कुठल्या गावात किती माणसं जुलाब-उलटीनं पडली, एवढं मला दर बाजारी सांगा."

"म्या अडाणी. मला आकडं न्हाय येत, साहेब."

मग तिनंच तोड काढली. आजाऱ्याची लाल बांगडी, गेलेल्याची काळी. बांगड्या सुतळीत ओवायच्या आणि गाव बदललं की सुतळीला गाठ. पहिल्या बाजारी सहा लाल आल्या, दुसऱ्या बाजारी नव्या बारा. सोबत एक काळीही होती. मी ती मोजायला हातात घेतली, तर तानूबाई म्हणाली, "ही माज्या जावंची हाय." मग तिनं पाटी उचलली आणि बाजारात बसायला गेली. मी वहीत लिहिलं: काळी एक.

हैदराबादला ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, की एका आजाऱ्यापासून किती नवे होतात ते शोधा, म्हणजे पुढचं गणित मांडता येतं. आता त्याला मॉडेल म्हणतात, आम्ही कोष्टक म्हणायचो. सहाचे बारा झाले, तर बाराचे चोवीस. हेच घेऊन मी साहेबांपुढं गेलो होतो.

गाठींवरून आणखी एक गोष्ट दिसली. लाल बांगड्या होत्या त्या सगळ्या गावांचे लोक बाजाराला येताना वाटेवरच्या बारवेवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर, पाणी प्यायचे. दुसऱ्या अंगानं येणाऱ्या गावांत एकही नव्हती.

मी बारव बंद करायचा हुकूम मागितला. पेशकार म्हणाले, "कचेरीचं पाणी तिथलंच आहे. ते खराब कसं असेल?"

हुकूम मिळाला नाही. पण विहिरीत औषध टाकायला मला हुकूम लागत नव्हता. परमँगनेट, म्हणजे आपली लाल दवा, चिमूटभर पुरते. मी होती तेवढी सगळी बारवेत ओतली आणि इतर गावांना पाणी उकळून प्या म्हणून दवंडी दिली. बारवेचं पाणी जांभळं झालं. शिकलेला असो की अडाणी, जांभळं पाणी कुणी पीत नाही. बाया दूरच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या.

पाणी वाहणारा भिश्ती नेहमीप्रमाणं बारवेवर कातड्याची मशक भरून कचेरीत गेला. साहेबांच्या पेल्यात जांभळं पाणी पडलं. मला बोलावणं आलं.

"हे काय आहे?"

"दवा, हुजूर. आपल्या सेहतीसाठी."

सेहतीचं नाव निघाल्यावर साहेबांनी पेला बाजूला सारला. तेव्हापासून कचेरीचं पाणीही मळ्यातून येऊ लागलं.

तिसऱ्या बाजारी तानूबाईच्या सुतळीत नऊ लाल बांगड्या होत्या. चौथ्या बाजारी दोन. पाचव्या बाजारी तिनं मोकळी सुतळी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सपलं बगा." मी तिला चहा पाजला. त्या चहाचा उल्लेख कुठल्याच रिपोर्टात नाही.

पंधरा दिवसांनी कचेरीतून लखोटा आला. मला वाटलं, शाबासकी असेल. आत लिहिलं होतं: आपण पुढील दोन बाजारांपर्यंत अनुक्रमे चोवीस व अठ्ठेचाळीस मरीज होतील असं कळवलं होतं. प्रत्यक्षात तितके झाले नाहीत. चुकीची माहिती देऊन सरकारची दिशाभूल का केली, याचा खुलासा करावा.

लोक मेले असते तर माझा अंदाज बरोबर ठरला असता, आणि बहुधा बढतीही मिळाली असती. नोकरीत हे मी फार लवकर शिकलो.

मी खुलासा लिहिला: "चूक मान्य. यापुढे मरीज कमी पडणार नाहीत याची खबरदारी घेईन." पेशकारांनी तो वाचला, मान डोलावली आणि 'समाधानकारक' असा शेरा मारून फाइल बंद केली.