ताटावर आडवा हात

पवनेच्या काठावरच्या त्या उंची हॉटेलात सासऱ्यांना जेवायला नेलं, ही माझीच हौस. बैलगाडीच्या चाकाएवढी बशी आली आणि तिच्या मधोमध चिंचोक्याएवढा पदार्थ! तो शोधायला सासरे चष्मा पुसू लागले. ‘जावयानं उपाशी ठेवलं’ ही बातमी कामशेतच्या बाजारात पोचल्याचं मला तिथूनच ऐकू आलं.

वाढणारा साठीचा, मिशाळ. कोट इतका कडक, की काढला असता तरी उभा राहिला असता. प्रत्येक पदार्थाचं लांबलचक इंग्रजी नाव तो घडाघडा म्हणायचा, पण नजर सासऱ्यांच्या चेहऱ्यावर. चौथ्या बशीनंतर त्यानं पांढरे हातमोजे काढून खिशात कोंबले.

“आबा, पोट भरलं न्हाई ना?”

“जावयाला इचार की!” सासरे गुरगुरले.

“त्यांला काय इचारायचं? आमच्या गावात पंगतीला ताटावर आडवा हात येईस्तवर वाढपी हालत न्हाई.”

आणि कामगारांसाठी शिजवलेला इंद्रायणीचा वाफाळता भात न् आमटी घेऊन तो आला. वाकून वाढतच राहिला.

“ह्यो घास लेकीच्या नावाचा, आबा!”

सासऱ्यांनी घेतला.

“आन् ह्यो जावयाच्या नावाचा!”

सासऱ्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोही घास खाल्ला आणि दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

“बास बाबा, लय झालं!”

मी सुटकेचा असा निःश्वास टाकला, की पवनेच्या पाण्यावर लाट उठून पलीकडच्या काठाला लागली.