पाखरांनी टाकलेली बांधी

धान पिकायला आलं की आमच्याकडे शेतांत कान किटतात. मुनियांचे थवे, पोपटांचा कल्ला, डबे बडवून त्यांना हाकलणारी माणसं. त्या बांधीवर, बांध घातलेल्या भातशेतावर, उभी राहिले तेव्हा काय चुकतंय ते मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, कल्ला होता तो शेजारच्या शेतांत, इथे आवाजच नाही.

मी तेव्हा मूल गावातल्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत कामाला होते. बांधीची मालकीण पन्नाशीची बाई. तिचा नवरा त्याच उन्हाळ्यात वारला होता. एसटीने आमच्याकडे येऊन ती एवढंच म्हणाली होती, "म्याडम, धान वाकूनच नाई राह्यलं." त्यावरून काही अंदाज येईना, म्हणून मी स्वतः गेले. गाव जंगलाला खेटून. बांधीच्या एका अंगाला साग आणि मोह, बाकी तिन्ही अंगांना दुसऱ्यांचं धान.

ते धान पिवळं होऊन कमरेत वाकलं होतं. हिचं मात्र हिरवंगार, ताठ, लोंब्या आभाळाकडे. मी एक लोंबी ओढून दाणा चिमटीत दाबला. चपटा. पुढचा, तसाच. टरफलं घट्ट मिटलेली आणि आत काहीच नाही. कीड नव्हती, करपा नव्हता. वारा सुटला की सगळी बांधी कोरड्या कागदासारखी वाजायची.

पाखरं एकाच ठिकाणी होती. जंगलाकडच्या कोपऱ्यात खोलीएवढ्या जागेत धान भरून वाकलं होतं आणि मुनिया त्यावर तुटून पडल्या होत्या. त्या जागेच्या बाहेर एकही बसत नव्हती. मी हात वर केला तेव्हा थवा उडाला, बांधीवर एक वळसा घेतला आणि पुन्हा तिथेच उतरला.

"तिथं काय आहे?" मी विचारलं.

शेजारच्या बांधीत कापणी करणारी एकजण विळा हातात धरून बांधावर आली होती. ती म्हणाली, "तिथीच तर जाळलं याईच्या माणसाले. त्यानंच सांगून ठेवलं होतं, मले माह्या बांधीतच ठेवा म्हणून. आता बाकीचं तोच खाऊन राह्यला. मी नाई घालत विळा याच्यात."

"आमी असलं मानत नाई," बाई ठामपणे म्हणाली. "विहारात जाणारे लोक आहो आमी. भूत-बीत काई नसते." मग ती माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "पण म्याडम, पाखरं काऊन नाई येत?"

मी बांधीत नागमोडी फिरून वीतभर खोलीची माती घेतली. कोपऱ्यातली वेगळी बांधली. बांधीची माती हातात भुसभुशीत, पिवळट लागली, भरड वाळूसारखी. कोपऱ्यातली जरा काळसर होती. तिथे वाकले तेव्हा मुनिया उडाल्या नाहीत, हातभर अंतरावर दाणे सोलत राहिल्या.

मला बोरॉनची शंका होती. ते कमी पडलं की झाड वाढतं, फुलतं, पण फुलात दाणा धरत नाही. मातीत ते कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला आणि चिकणमातीला धरून राहतं. रेताड जमिनीत त्याला धरायला काही नसतं, पावसाबरोबर ते खाली निघून जातं. तपासायचं असेल तर माती पाण्यात उकळायची, गाळायची आणि त्या पाण्यात एक द्रव घालायचा. जितका पिवळा रंग गडद, तितकं बोरॉन जास्त.

दुपारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. बांधीची माती गडद पिवळी झाली. म्हणजे बोरॉन भरपूर? मग मी शेवटच्या फ्लास्ककडे पाहिलं. त्यात माती नव्हतीच. तुलनेसाठी नुसतं शुद्ध पाणी उकळून ठेवलं होतं, त्याचा रंग फिकट असायला हवा. तो बांधीच्या मातीइतकाच पिवळा होता. ज्यात काहीच नाही त्यात काहीतरी होतं. मी खुर्चीवर बसले. बांधीतली ती ताठ उभी शांतता खोलीत आल्यासारखी वाटली.

मग मी फ्लास्क उचलून त्याच्या बुडाचा शिक्का वाचला. फ्लास्क नवे होते, उष्णता सोसणाऱ्या काचेचे. त्या काचेतच बोरॉन असतं, उकळताना ते पाण्यात उतरतं. मी सगळं पुन्हा प्लास्टिकच्या बाटल्यांत केलं. नुसतं पाणी फिकट राहिलं. बांधीची मातीही तशीच फिकट. कोपऱ्यातली तेवढी पिवळी झाली.

बाईला बोलावून विचारलं तेव्हा बाकीचा उलगडा झाला. पाणी जास्त थांबावं म्हणून नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी मशीन लावून बांधी खोल केली होती. वरचा काळा थर रस्त्याच्या भरावाला गेला. उरलं ते खालचं रेताड, आणि त्यातलं होतं नव्हतं ते बोरॉन मधल्या पावसाळ्यांत निघून गेलं.

"आणि कोपऱ्यात?" तिने विचारलं.

"लाकडाच्या राखेत बोरॉन असतं, बाई. ती राख नांगरटीत मिसळली."

"लाकूड आमच्याच मोहाचं होतं," ती म्हणाली. "त्यानंच लावला होता."

पुढच्या हंगामात रोवणीआधी तिने माझ्यासमोर बोरॅक्स, म्हणजे बोरॉनचं खत, वाळूत मिसळून फेकलं, अगदी थोडं. जास्त झालं तर तेच विष होतं. कोपऱ्यात तिने ते टाकलं नाही. दिवाळीनंतर सगळी बांधी वाकली आणि पाखरांनी गाव डोक्यावर घेतलं. शेजारणीने आपणहून विळा घातला.

पण बाई दर उन्हाळ्यात कोपऱ्याची माती घेऊन येत राहिली. बांधीची नाही, फक्त कोपऱ्याची. पिशवी टेबलावर ठेवून विचारायची, "किती राह्यला?"

राहिला, की राहिलं, हे मी कधी दुरुस्त केलं नाही. आकडा सांगायचे. तो दर पावसाळ्यानंतर उतरत होता. शेवटच्या वर्षी कोपऱ्याची माती रेताडाइतकीच फिकट निघाली. मी तसं सांगितलं.

"म्हणजे गेला."

"राखेतलं बोरॉन वाहून गेलं, बाई."

"हो, तेच म्हणून राह्यली मी." ती पाणी प्याली. मग म्हणाली, "उरलेली माती मले वापस दे."

तपासून झालेली माती आम्ही फेकून देतो. तिची मी पिशवीत भरून दिली. ज्या बाटलीत उकळली होती तिच्या तळाशी चिमूटभर चिकटून राहिली होती. ती बाटली मी दुसऱ्या दिवसापर्यंत धुतली नाही.