पुढच्या बुशातला आवाज

"बेन, तमारे त्यां घंटी चाले छे?" खालच्या मजल्यावरच्या गुजराती आजींनी, बांनी, मला जिन्यातच गाठलं. आमच्याकडे पिठाची घरघंटी नव्हती. बाबांचं इंजिन होतं.

बाबांचा जन्म बडोद्याच्या लोको शेडमध्ये फिटरकी करण्यात गेला. आई गेल्यावर ते कारेलीबागेत माझ्याकडे राहायला आले. माझ्या एका मैत्रिणीने इंग्लंडच्या जुन्या बाजारातून त्यांच्यासाठी विजेवर चालणारं वीतभर इंजिन आणलं, वयाने माझ्याहून मोठं. बाबांनी जेवणाच्या टेबलावर प्लायवूड टाकून रूळ गोल मांडले. त्या दिवसापासून आम्ही खाली बसून जेवू लागलो.

इंजिन चाललं की प्लायवूड नगाऱ्यासारखं घुमायचं. बाबा मात्र टेबलाकडे पाठ करून, गॅलरीच्या दारात तुरीच्या शेंगा सोलत बसायचे. "आवाज? कसला आवाज? बराबर चालतंय." शेडने त्यांचे कान कधीच खाल्ले होते. कानाचं मशीन डबीतच असे, कारण ते लावलं की म्हणे फक्त भांडीच ऐकू येतात.

बांना ब्लडप्रेशर, दुपारची झोप मोडली की चढायचं. आणि माझा स्वभाव हा असा, पटकन तापणारा. मी बाबांना सांगून टाकलं, "एक तर हे गप्प करा, नाही तर माळ्यावर टाका." त्यांनी ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. शेडमध्ये इंजिनाचं दुखणं असंच शोधत.

"पुढच्या बुशात आहे," ते म्हणाले. बुश म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती पितळी बांगडी. ती झिजून ढिली झाली होती.

रविवारी आम्ही इंजिन वर्तमानपत्रावर उघडलं. दगड झालेलं ग्रीस मी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने काढलं. तेल घालताना माझा हात सैल सुटला आणि बाबा डाफरले, "शेडमध्ये डब्याने पाजायचं. इथे सुईच्या टोकानं!" ढिलाई घालवायला नखं कापायच्या कात्रीने दुधाच्या पिशवीची वॉशर कापली. दोन फुकट गेल्या, तिसरी बसली. प्लायवूडखाली मी जुनी गोधडी सारली.

गाडी सुरू केली. चिडीचूप. मला इतका आनंद झाला की मी शिरा केला आणि बांनाही वाटीभर नेऊन दिला.

पुढच्या आठवड्यात बाबांनी गाडी फारशी लावली नाही. विचारलं तर म्हणाले, डोळे थकतात. एका दुपारी मी बँकेतून लवकर आले, तर गाडी चालू होती. बाबा शेंगा सोलत होते, पण दोन शेंगा झाल्या की उठायचे, टेबलापाशी जाऊन बघायचे आणि परत येऊन बसायचे. गुडघे धरत उठायचे.

"हे काय चाललंय, बाबा?"

"चालू आहे की बंद पडली, कळत नाही गं. आधी ऐकू यायचं."

"ऐकू यायचं? तुम्ही तर म्हणायचात, आवाजच नाही!"

"तो काय आवाज होता? ती गाडी होती."

"मग तो आवाज बंद कशाला केलात?"

"तू म्हणालीस ना."

मला माझीच लाज वाटली. त्यांच्या कानांना अजून जे थोडं पोचत होतं, तेच मी त्यांच्याच हातून बंद करवलं होतं, आणि वर शिरा केला होता.

मी तशीच खाली गेले आणि बांना सगळं सांगितलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पांच वाग्या पछी भले दळो," म्हणाल्या.

वर येऊन मी गोधडी ओढून काढली, इंजिन उघडलं आणि वॉशर चिमट्याने उपसली. पाचाच्या ठोक्याला बटण दाबलं. टेबल घुमायला लागलं. बाबा दारात पाठमोरे बसले होते. त्यांचा शेंगेवरचा हात थांबला.

"पुढच्या बुशात आवाज आहे," ते म्हणाले.

"काढू?" मी ओरडून विचारलं.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि पुढची शेंग हातात घेतली.